पारव्यांचा हिशेब

पारवा हा पक्षी आपल्याला परका नाही. हिजरतच्या प्रवासात सौर गुहेच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणले आणि कबुतराने घरटे करून अंडी घातली, ही कथा दादी-नानीच्या तोंडून न ऐकता मोठी झालेली माणसे आपल्यात फार थोडी सापडतील. हदीसचे जाणकार त्या कथेच्या सनदेवर प्रश्न उपस्थित करतात, तो भाग वेगळा. आपल्या मनात मात्र कबुतर तेव्हापासूनच घर करून बसले आहे. हज करून आलेला माणूस खजूर आणि झमझमबरोबर हरमच्या कबुतरांच्या गोष्टीही घेऊन येतो. दिल्लीची जामा मस्जिद असो की हैदराबादची मक्का मस्जिद, कबुतरांवाचून तिचे अंगण डोळ्यांसमोर येतच नाही. मूठभर दाणे टाकले की सवाब मिळतो, अशी आपली समजूत. आपल्या शेजारच्या जैन आणि हिंदू बांधवांची समजूतही याहून वेगळी नाही. एरवी कशावरही एकमत न होणारी माणसे या एका बाबतीत एकमताने वागतात आणि नेमका त्यातूनच एवढा मोठा प्रश्न उभा राहतो, ही गंमतच म्हणायची.

आम्ही भिवंडीचे. पेशाने उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक. विज्ञान शिकवतो, आणि अधूनमधून मराठीचे तासही आमच्याच वाट्याला येतात. यंत्रमागांचा खडखडाट ही या शहराची जुनी ओळख, तर महामार्गालगत पसरलेली गोदामे ही नवी. दोन्ही ठिकाणी पारव्यांचे राज्य. मागाच्या शेडचा फुटका पत्रा म्हणजे त्यांचा दरवाजा. तयार ताग्यावर विष्ठेचा डाग पडला की व्यापारी दर पाडतो आणि मालक तो राग कारागिरावर काढतो. धान्याच्या गोदामात सांडलेला दाणा असतो, वर लोखंडी कैच्या असतात. पारव्याला आणखी काय हवे? आमचे बरेच विद्यार्थी अशाच कारागिरांची आणि हमालांची मुले. त्यामुळे पारव्यांचा विषय निघाला की वर्गात माहितीचा पूर येतो.

शाळेतही तीच कथा होती. इमारत जुनी, तीन मजली. वर्गांना उंच रोशनदाने, बाहेर रुंद छज्जे. पहिला तास झाडूचा, असे आम्ही शिक्षक मंडळी विनोदाने म्हणायचो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाकांवर रोज सकाळी पांढरट-हिरवा थर दिसायचा. मुले नज्म म्हणू लागली की रोशनदानातून घुमण्याची साथ सुरू व्हायची. सहामाही परीक्षेत एका मुलाच्या उत्तरपत्रिकेवर वरून प्रसाद पडला, तेव्हा तो उभा राहून म्हणाला, "सर, याचे मार्क कापू नका." सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो. पण त्याच वर्गात दोन मुले दम्याची होती आणि ती पावसाळाभर खोकत असायची.

उपाय म्हणाल तर एकाहून एक झाले. शिपाईचाचा बांबू घेऊन फिरायचे. ते पुढे गेले की पारवे मागे येऊन बसत. जुन्या सीडी दोरीला बांधून टांगल्या. त्या उन्हात चमकल्या, मुलांना आवडल्या, पारव्यांनाही आवडल्या असाव्यात. मग कुणीतरी प्लास्टिकचे घुबड आणले. आठवडाभर सगळे शांत होते. नंतर एका सकाळी एक पारवा त्या घुबडाच्या डोक्यावरच बसलेला दिसला आणि घुबडाची अब्रू गेली. हलत नाही, बोलत नाही अशा वस्तूला पक्षी फार दिवस भीत नाही, हे मुले पुस्तकाशिवाय शिकली. पुढे एक विक्रेता ध्वनियंत्र घेऊन आला. माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो आणि पक्षी पळून जातात, असा त्याचा दावा. आम्ही त्याला विचारले, "भाई, हा आवाज पारव्याच्याही कानाला ऐकू येत नाही. मग पळेल कोण?" त्याने यंत्र पिशवीत घातले.

इतके होईपर्यंत हसण्यावारी नेता येत होते. पुढच्या सूचना मात्र हसण्यासारख्या नव्हत्या. एका पालकाने छज्ज्याला चिकट लेप लावायला सुचवले. त्या लेपात पंख माखले की पक्षी उडू शकत नाही आणि चिमणी-बुलबुलही त्यात अडकतात. दुसऱ्याने हळूच विषाचे नाव काढले. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास मनाई करणारा कायदा आपल्या देशात १९६० पासून आहे, हे त्यांना सांगावे लागले. तिसऱ्याचे म्हणणे असे, की पोत्यात भरून कसाऱ्याच्या घाटात सोडून या. ज्या पक्ष्याकडून माणसाने शेकडो वर्षे टपाल वाहून घेतले, त्याला कसाऱ्याचा घाट काय दूर? आपण लोकलने परत येईपर्यंत तो रोशनदानात बसलेला असायचा.

एखाद्याला घालवायचे असेल, तर आधी तो का आला हे समजून घ्यावे लागते. आम्ही आठवीच्या वर्गाला हेच काम दिले. पारवा मूळचा डोंगरकड्यांवरचा पक्षी. झाडाच्या फांदीवर तो सहसा घरटे करीत नाही. त्याला कपार लागते. आपण सिमेंटचे कडे उभे केले, त्यांना छज्जे, पाइपांच्या चौकटी, एसीचे कट्टे जोडले, आणि त्याच्या लेखी आपले शहर म्हणजे कपारींची डोंगररांगच झाली. दुसरी गोष्ट त्याच्या पिल्लांच्या खाण्याची. चिमणीला आपल्या पिल्लांसाठी अळ्या आणि किडे शोधावे लागतात. पारव्याचे नर आणि मादी दोघेही आपल्या गळ्याच्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार करतात आणि पिल्लांना तोच भरवतात. म्हणजे त्यांना किडे नकोत, झाडे नकोत. फक्त दाणा हवा. तो मिळत राहिला, तर वर्षाच्या कोणत्याही महिन्यात त्यांचा संसार चालू असतो.

आठवीच्या रोशनदानात तेव्हा दोन घरटी होती. घरटी म्हणजे काय, चार काड्या आणि एक तारेचा तुकडा. मुलांनी निरीक्षणवही ठेवली. प्रत्येक घरट्यात दोन-दोन अंडी. दुपारी नर बसतो, उरलेला वेळ मादी. १८व्या दिवशी पहिले पिल्लू बाहेर आले. पिवळसर केसांचे, डोळे मिटलेले, अगदी कुरूप. एक मुलगी म्हणाली, "सर, हे तर आमच्या नवीन भावासारखे दिसते." महिनाभरात ते कुरूप पिल्लू निळ्या-करड्या पिसांचे देखणे पारवे झाले.

मधल्या काळात शाळेत वेगळेच नाट्य घडत होते. व्यवस्थापन समितीने जाळी बसवायचे ठरवले होते, माजी विद्यार्थ्यांनी पैसेही जमवले होते आणि तपासणीची तारीख जवळ आली होती. जाळीवाला म्हणाला, "घरटी मी काढून टाकतो, उद्याच काम उरकतो." आम्ही म्हटले, तीन आठवडे थांबा. समितीतील एक ज्येष्ठ सदस्य चिडले. "पारव्यांसाठी तपासणी पुढे ढकलायची का?" असे त्यांनी विचारले. तेव्हा आम्ही त्यांना अबू दाऊदच्या संग्रहातील त्या प्रसंगाची आठवण दिली. प्रवासात काही सहाबींनी एका पाखराची पिल्ले उचलली, ती आई पंख फडफडवत घिरट्या घालू लागली, आणि पैगंबरांनी (स.) पिल्ले परत ठेवायला लावली. ते सदस्य काही बोलले नाहीत. तपासणी झाली, शेरा आला, शाळेचे काही बिघडले नाही. पिल्ले उडाल्यावर एका रविवारी काम झाले.

काम कसे झाले तेही सांगतो, कारण यातच बहुतेक ठिकाणी गफलत होते. वाळलेली विष्ठा कोरडी झाडायची नसते. झाडूबरोबर तिची भुकटी हवेत उडते आणि फुप्फुसात जाते. आधी पाणी आणि जंतुनाशक मारून ती भिजवली. कामगारांच्या तोंडाला मास्क, हातात मोजे. मुलांना त्या दिवशी शाळेत येऊ दिले नाही. मग रोशनदानांना दोन इंची नायलॉनची जाळी ताणून बसवली. सैल जाळीत पक्ष्याचा पाय अडकतो, म्हणून ती तबल्याच्या चामड्यासारखी ताठ हवी. छज्ज्यांवर उतरत्या फळ्या ठोकल्या. निम्म्या काटकोनाएवढा उतार असला की पारव्याला बसता येत नाही. आणखी एक गोष्ट मुलांच्या लक्षात आली. दोन इंची जाळीतून पारवा जात नाही, पण चिमणी जाते. पुढच्या हंगामात रोशनदानात चिमणीचे घरटे आले. त्या दिवशी आम्ही मुलांना सलीम अलींची गोष्ट सांगितली. मुंबईत वाढलेल्या या मुलाने १९०८ साली छऱ्याच्या बंदुकीने एक पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली, ती कोणती म्हणून विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला, आणि त्या एका प्रश्नातून देशाचा सर्वांत मोठा पक्षिशास्त्रज्ञ घडला.

असो. शाळा स्वच्छ झाली. पण आमचे पारवे काही शहर सोडून गेले नाहीत. ते समोरच्या इमारतीच्या छज्ज्यावर जाऊन बसले. जाळी पारव्याची जागा बदलते, संख्या बदलत नाही. गोदामात काम करणाऱ्या एका पालकाने हेच आपल्या भाषेत सांगितले. त्यांच्या गोदामात आधी कैच्यांखाली जाळी लावली, दारांना प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचे पडदे लावले, तरी पारवे दारात ताटकळत असायचे. मग मालकाने प्रत्येक ट्रक उतरल्यावर सांडलेला दाणा लगेच उचलायचा नियम केला. "सर, दाणा उचलला आणि पाहुणे उठले," तो म्हणाला.

स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराचा अनुभव याच वाक्याची साक्ष देतो. तेथे १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख पारवे मारले गेले. तरी शहरातील त्यांची संख्या २०,००० च्या आसपासच राहिली. मेलेल्यांची जागा नवी पिल्ले भरून काढत, कारण खायला भरपूर होते. १९८८ साली डॅनियल हाग-वाकरनागेल या प्राणिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने वेगळी मोहीम सुरू झाली. देखरेखीखालच्या ढाबळी बांधल्या, तेथील अंडी काढून घेतली, आणि मुख्य म्हणजे अति दाणे टाकण्याने पक्ष्यांचीच दाटी, रोग आणि हाल कसे वाढतात हे नागरिकांना समजावून सांगितले. चार वर्षांत संख्या जवळपास निम्म्यावर आली. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात २००३ साली दाणे टाकण्यावर बंदी आली. व्हेनिसच्या सेंट मार्क चौकातील दाणेविक्रेत्यांचा धंदा २००८ साली थांबवण्यात आला. वेगवेगळ्या देशांतील माणसे एकाच निष्कर्षाला आली. पारव्याचा बंदोबस्त करायचा, म्हणजे आधी आपल्या मुठीचा बंदोबस्त करायचा.

आपल्याकडे हा निष्कर्ष फार कडवटपणे समोर आला. २०२५ च्या जुलै महिन्यात मुंबई महापालिकेने कबुतरखान्यांवर दाणे टाकण्याविरुद्ध कारवाई सुरू केली. शहरात असे ५१ कबुतरखाने असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. उच्च न्यायालयाने लोकांच्या आरोग्याला महत्त्व दिले आणि मनाई मोडणाऱ्यांवर गुन्हे नोंदवायला सांगितले. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली गेली आणि ६ ऑगस्टला जमावाने ती फाडली. सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेपास नकार दिला. पुढे महापालिकेने मोजक्या जागी, सकाळच्या मोजक्या वेळेत दाणे टाकण्याची मुभा दिली. त्या दिवसांत आमच्या मोहल्ल्यातील नाक्यावर काही जण मिटक्या मारीत बोलत होते, जणू हा दुसऱ्या कुणाचा तमाशा आहे. आम्हाला ते पटले नाही. दादरला ज्यांनी दाणे टाकले, त्यांची भावना आणि आपल्या मस्जिदीच्या अंगणात बाजरी उधळणाऱ्याची भावना एकच आहे. आणि फुप्फुस कुणाचे, हे धूळ विचारत नाही.

हे आम्ही पुस्तकातून सांगत नाही. आमच्या सातवीच्या वर्गातील एक मुलगी महिना-दीड महिना अधूनमधून गैरहजर राहू लागली. चौकशी केली तर आई आजारी. शाळेमागच्या इमारतीत, सर्वांत वरच्या खोलीत मायलेकी राहत. आई शिलाईकाम करायची. कोरडा खोकला, अंगात कसर, दोन जिने चढले की दम. मोहल्ल्याने परस्पर टीबी ठरवून टाकला. तपासणीत टीबी निघाला नाही. अखेर मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात छातीचा स्कॅन काढला आणि तेथील डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, "घराजवळ कबुतरे आहेत का?"

होती. डोक्यावरच होती. इमारतीच्या गच्चीवर मालक हाजीसाहेब रोज फज्रनंतर दाणे टाकत. आठवड्याला बाजरीचे एक पोते. खाली त्या बाईची खिडकी, आणि खिडकीसमोर तिची शिलाईमशीन. आजाराचे नाव लांबलचक आहे, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेतील आणि पिसांच्या पावडरीतील सूक्ष्म कण वर्षानुवर्षे श्वासातून आत जातात, काहींचे शरीर त्यांना शत्रू समजून लढू लागते, आणि त्या लढाईत फुप्फुसच जखमी होते. लवकर कळले आणि पक्ष्यांपासून दूर गेले तर माणूस सुधारतो. उशीर झाला तर फुप्फुसावर व्रण धरतात आणि ते पुन्हा भरून येत नाहीत. सगळ्यांनाच हा आजार होतो असे नाही. पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. त्याच विष्ठेत क्रिप्टोकोकससारखी बुरशीही वाढते आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांना ती घातक ठरू शकते.

एके दिवशी सुटीनंतर ती मुलगी आमच्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. "सर, तुम्ही शाळेला जाळी लावली. आमच्या खिडकीला पण लावा ना." जाळीतून धूळ जाते, हे त्या मुलीला कसे सांगायचे?

आणि हाजीसाहेबांना तरी कसे सांगायचे? मोहल्ल्यात त्यांच्याविषयी कुणी वाईट बोलणार नाही. नवरा वारल्यावर त्या बाईला खोली त्यांनीच दिली. पागडी नाही, भाडे नावाला. आणि दाणे टाकण्याला कारण होते. त्यांचा तरुण मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. तेव्हापासून त्याच्या इसाले सवाबसाठी ते दाणे टाकत होते. ज्याने छप्पर दिले त्याच्याच खैरातीने ती बाई आजारी पडली होती, आणि हे तिला स्वतःच्या तोंडाने बोलता येत नव्हते.

एका संध्याकाळी असरनंतर इमामसाहेब आणि आम्ही गच्चीवर गेलो. हाजीसाहेबांनी चहा मागवला. विषय निघाला तसा त्यांचा चेहरा उतरला.

"मास्तर, माझ्या पोराच्या नावाचे दाणे आहेत ते. ते बंद करा म्हणता?"

इमामसाहेब म्हणाले, "हाजीसाहेब, नियत तुमची साफ आहे. पण दीनचा उसूल आहे, कुणाला नुकसान पोचवायचे नाही. वाटेतला काटा उचलणे हाही सदकाच. इथे काटा आपणच टाकतो आहोत."

"त्या बाईला मी कधी भाडे तरी मागितले का?"

"नाही मागितले. म्हणून तर ती बोलत नाही," आम्ही म्हणालो.

ते बराच वेळ गप्प बसले. कठड्यावर शे-दीडशे पारवे दाटीने बसले होते. काहींच्या पायांत दोरे गुरफटून बोटे गळालेली, काहींची पिसे विस्कटलेली. मग हाजीसाहेबांनी जो प्रश्न विचारला, त्याचे उत्तर दिल्याशिवाय हा विषय पुढे जाऊच शकत नाही. ते म्हणाले, "आणि हे उपाशी मेले तर? तो गुनाह कुणाच्या माथी?"

आम्ही आठवीची निरीक्षणवही बरोबर नेली होती. ती त्यांच्यापुढे उघडली. म्हटले, "हाजीसाहेब, हा पक्षी दाण्यासाठी काही मैल उडू शकतो. एकदम बंद करू नका. दर आठवड्याला थोडे-थोडे कमी करा. पोट भरण्याइतके तो शोधून घेतो. जादा मिळाले की त्याचा तो अंडी घालतो. तुमच्या पोत्यातून पिल्लावर पिल्लू निघते, त्यांना जागा पुरत नाही, ती एकमेकांना चोची मारतात, आजारी पडतात. दाणा कमी झाला की मरण वाढत नाही, जन्म कमी होतात." त्यांनी वही घेतली, चष्मा लावला आणि मुलांनी काढलेली अंड्यांची चित्रे पाहत राहिले. "विचार करतो," एवढेच म्हणाले.

त्यांनी विचार केला. पोते पंधरा दिवस पुरू लागले, मग महिनाभर. रमजान संपेपर्यंत गच्चीवर दाणा पडणे थांबले. गच्ची भिजवून धुतली गेली. मायलेकींना त्यांनी तळमजल्यावर, दुसऱ्या बाजूची खोली दिली. पोत्याचे पैसे आता कुठे जातात ते आम्ही विचारले नाही. मेडिकलवाला अम्मीकडे बिल मागत नाही, एवढे मात्र त्या मुलीने सांगितले. पारवे दोन-तीन महिन्यांत पांगले. कठड्यावर पंधरा-वीस उरले असतील. पहाटे हाजीसाहेब अजून गच्चीवर जातात. तस्बीह घेऊन बसतात. "पहिले काही दिवस ते माझ्याकडे बघत बसायचे मास्तर," ते एकदा म्हणाले, "जीव तुटायचा."

बाईचा खोकला कमी झाला. पण फुप्फुसाचा जो भाग गेला तो गेलाच. पालकसभेला ती येते, पण जिना चढू शकत नाही. तिच्या मुलीचे प्रगतिपुस्तक घेऊन आम्हीच खाली फाटकापाशी जातो.

वाचकहो, दया सोडा असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. आपल्या पूर्वजांनी पक्ष्यांवर कमी प्रेम केले नाही, पण ते हिशेबाने केले. सफवी काळातील इस्फहानच्या लोकांनी पारव्यांसाठी शेतात मनोरे बांधले. आत हजारो कोनाडे. पारवे गावाबाहेर राहत आणि त्यांचे खत खरबुजाच्या मळ्यांना मिळे. उस्मानी तुर्कांनी मस्जिदींच्या आणि मदरशांच्या भिंतींवर चिमण्या-पाखरांसाठी दगडात कोरलेली सुबक घरकुले बसवली, तीही उंचावर, माणसाच्या आणि मांजराच्या वाटेबाहेर. पक्ष्याला जागा द्यायची, पण ती विचार करून द्यायची, ही त्यांची रीत. आपण मात्र एका पक्ष्याला पोत्याने भरवतो आणि बाकीच्यांचे झाड तोडतो.

मस्जिदींच्या आणि इमारतींच्या समित्यांना आमचे सांगणे एवढेच. घुमटाची, जिन्याची, टाकीची भोके वेळीच बंद करा. अंडी घातल्यावर नाही, त्याआधी. अंडी दिसली तर महिना-दीड महिना थांबा. विष्ठा भिजवूनच काढा. खिडकीत, गच्चीत दाणे टाकू नका. जे टाकतात त्यांच्याशी भांडू नका, त्यांच्याजवळ बसा. बहुतेकांच्या दाण्यांमागे कुणीतरी गेलेले माणूस असते. आणि त्याच्या नावाने काही करायचेच असेल, तर झाड लावा. कुणी लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी तो सदका ठरतो, हे तर आपण सगळेच ऐकत आलो आहोत. झाडावर बुलबुल येतो, मैना येते, चिमणीला अळ्या मिळतात, आणि कुणाच्या शिलाईमशीनवर धूळ पडत नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मुलांनी शाळेच्या कुंपणालगत जांभूळ आणि बकुळीची रोपे लावली. हाजीसाहेबांनी एका रोपाला पिंजरा करून दिला आणि त्यावर नाव लिहू नका म्हणून बजावले. फळ धरायला काही वर्षे लागतील. तोवर चिमण्यांसाठी मातीच्या परळात पाणी ठेवले जाते. ते रोज कुणी बदलायचे, याची यादी वर्गाच्या भिंतीवर लावलेली आहे.